आयसी बदलूनही तोच बिघाड? आधी रिकाम्या पिना बघा

एकच बोर्ड तिसऱ्यांदा टेबलावर आला की मी आता आयसीला (बोर्डावरच्या काळ्या चिपला) हात लावत नाही. आधी त्याच्या ज्या पायांना काही जोडलेलंच नाही, ते पाय बघतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर ही सवय लागली आहे. सोसायटीचा पंप कंट्रोलर असो, रबाळे-महापेच्या कारखान्यातलं जुनं टायमर कार्ड असो किंवा कॉलेजच्या पोरांचा प्रोजेक्ट असो, बिघाड तोच असतो, फक्त डबा बदलतो.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा.

- रिले मधूनच टकटक करतो किंवा पंप आपोआप चालू-बंद होतो. वेळेचा काही नेम नाही.
- बोर्डाजवळ हात नेला, झाकण लावलं, वायर हलवली की वागणं बदलतं.
- मीटरची प्रोब लावली की बिघाड गायब आणि काढली की परत हजर.
- काही काम करत नसतानाही आयसी कोमट लागतो. बॅटरीवरचं यंत्र असेल तर बॅटरी लवकर उतरते.
- एलईडी धड पेटत नाही, धड विझत नाही. मंद थरथरतो.
- टेबलावर दिवसभर नीट चालतो, जागेवर बसवला की पंप किंवा मिक्सर सुरू होताच गडबडतो.
- आयसी बदलला की आठ-पंधरा दिवस बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. नवा आयसी घातल्यावर चाललं, म्हणजे जुना खराब होता असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जुनाही चांगलाच असतो. प्रत्येक आयसीची गळती, म्हणजे नकळत झिरपणारा करंट, किंचित वेगळी, म्हणून नवा थोडे दिवस बऱ्या बाजूला झुकतो, एवढंच.

असं का होतं

सीमॉस जातीच्या आयसीच्या इनपुटला आत ट्रान्झिस्टरचं एक टोक असतं आणि ते ऑक्साइडच्या पातळ थराने बाकीच्यापासून वेगळं ठेवलेलं असतं. त्यामुळे ते करंट जवळपास घेतच नाही. विजेच्या दृष्टीने ती पिन म्हणजे पाचेक पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर. त्याला ना ग्राउंड ना सप्लाय दिला, की तो अधांतरी. शेजारच्या ट्रॅकवरून, हवेतल्या ५० हर्ट्झमधून, तुमच्या बोटातून, जिथून मिळेल तिथून तो भार उचलतो.

मग पिनचा व्होल्टेज कधीतरी सप्लायच्या मध्यावर येऊन थांबतो. सीमॉस गेटमध्ये (गेट म्हणजे इनपुट बघून आउटपुट ठरवणारं छोटं सर्किट) एक ट्रान्झिस्टर वर, एक खाली असतो आणि नेहमी त्यातला एकच चालू असतो. मध्यावर दोघेही अर्धेमुर्धे चालू होतात आणि सप्लायमधून थेट ग्राउंडकडे करंट वाहायला लागतो. आयसी कोमट लागतो तो यामुळे. त्यात याच मध्याजवळ गेट अँप्लिफायरसारखं वागतं, म्हणून ते स्वतःच थरथरू शकतं.

‘पण ते गेट मी वापरतच नाही, मग थरथरलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एका आयसीतली चारही गेटं एकाच सप्लायवर, एकाच सिलिकॉनवर बसलेली असतात. एक थरथरलं की बाकीच्या तिघांच्या सप्लायवर लाटा येतात. चाळीत एकाने पंप लावला की शेजारच्याच्या नळाची धार बारीक होते, तसंच.

घोडबंदर रोडचा पंप

एका सोसायटीचा कंट्रोलर माझ्याकडे पावसाळ्यानंतर तीनदा आला. सीडी४०११ या चार गेटांच्या सीमॉस आयसीवर बांधलेला, बारा व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर असलेला साधा बोर्ड. रात्री पंप मधेच थांबायचा, परत सुरू व्हायचा, गच्चीवरची टाकी अर्धीच भरायची. वॉचमनकाका म्हणाले, “साहेब, डब्यावर थाप मारली की चालतं, म्हणून मी रात्री दोन-तीनदा उठून मारतो.” दोन वेळा मी आयसी बदलून दिला. तिसऱ्यांदा बोर्ड ब्रशने घासून स्वच्छ केला, तर बिघाड कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तिथे डोक्यात प्रकाश पडला.

बोर्डावर ‘ड्राय रन’ (पाण्याविना पंप चालणं) सेन्सरसाठी एक कनेक्टर होता. सोसायटीने तो सेन्सर बसवलाच नव्हता. कनेक्टरची पिन थेट ४०११ च्या ९ नंबर पायावर जात होती आणि तिथे पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पायाला सप्लायकडे बांधून ठेवणारा, नव्हता. कनेक्टरमध्ये तिच्या शेजारीच बारा व्होल्टची पिन. पावसाळ्यात तिथली धूळ आणि सोल्डरिंगचा जुना फ्लक्स ओलावा धरायचे, त्यातून बारीकशी गळती होऊन पाय ‘वर’, म्हणजे सप्लायच्या बाजूला, राहायचा (ग्राउंडच्या बाजूला म्हणजे ‘खाली’). डिसेंबरात हवा कोरडी झाली आणि तो आधार गेला. मी घासून उरलासुरलाही काढून टाकला! सगळे पावसाला दोष देत होते, आणि खरं तर पाऊसच बोर्ड चालवत होता.

तपासणी: फुकटातल्यापासून सुरुवात

*सगळ्यात आधी, ट्रान्सफॉर्मर आहे का?* बोर्डावर ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल, आणि मेन्सच्या वायरीजवळ ४७४ किंवा १०५ छापलेला ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर असेल, तर त्या बोर्डाचं ‘ग्राउंड’ सुद्धा मेन्सला जोडलेलं आहे. तो चालू असताना बोट, प्रोब, काहीच लावायचं नाही. अशा बोर्डाची पुढची कुठलीही चालू अवस्थेतली चाचणी घरी करू नका. तिथेच थांबा. स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये हा प्रकार सर्रास असतो.

*डोळ्यांनी बघणं.* आयसीचा नंबर वाचा, डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा, आणि कागदावर प्रत्येक पायापुढे लिहा की तो कुठे जातो. दोन्ही बाजू बघा, आयसीच्या पोटाखालून गेलेले ट्रॅक विसरू नका. ४०११ मध्ये चार गेटं असतात: १ आणि २ चं आउटपुट ३ वर, ५ आणि ६ चं ४ वर, ८ आणि ९ चं १० वर, १२ आणि १३ चं ११ वर. सप्लाय १४, ग्राउंड ७. ७४एचसी०० मध्येही ४०११ सारखी चार नँड गेटंच (नँड म्हणजे दोन्ही इनपुट वर असतील तरच आउटपुट खाली), पण पायांची मांडणी वेगळी आहे, एकाची सवय दुसऱ्याला लावू नका. ४०४९ तर आणखी वेगळा: सोळा पायांचा, पण सप्लाय १ नंबरवर, आणि १३ व १६ आतून कुठेच जोडलेले नाहीत. त्या दोन पायांची काळजी नको.

यादीत ‘इनपुट, कुठेच जात नाही’ असा एक जरी पाय निघाला तरी संशयित सापडला. कनेक्टरवर जाऊन थांबणारे पायही त्यातच धरा. समोर काही लावलेलं नसेल तर तेही रिकामेच.

*सफाई.* बंद बोर्डावर जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळू द्या. ही सफाई म्हणजे तपासणीच आहे, कारण घाण असताना केलेली मापं खोटी येतात. सफाईनंतर वागणं बदललं, मग ते सुधारो वा बिघडो, तर कुठलातरी पाय गळतीच्या भरवशावर उभा होता हे पक्कं.

*मीटरचं उलटसुलट माप.* ही माझी आवडती युक्ती. डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगओहम. अधांतरी पिनला तेवढाही पुरतो, म्हणून प्रोब लावताच पिन प्रोबच्या बाजूला ओढली जाते आणि बिघाड लपतो. याच गोष्टीचा उपयोग करायचा.

काळी प्रोब ग्राउंडवर, लाल संशयित पायावर. आकडा लिहा. मग लाल प्रोब सप्लायवर, काळी त्याच पायावर. तोही लिहा. पाय कुठेतरी नीट बांधलेला असेल तर दोन्हींची बेरीज सप्लायएवढी भरते, म्हणजे ० आणि १२ किंवा १२ आणि ०. पाय अधांतरी असेल तर दोन्ही वेळा जवळपास शून्य येतं. जिथे प्रोब तिथे तो. घोडबंदरच्या बोर्डावर मला ०.१ आणि ०.२ मिळाले होते, सप्लाय १२ चा असताना.

बेरीज थोडीच कमी भरली, समजा एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला १०.९, तर तो पाय १ मेगओहमसारख्या मोठ्या रेझिस्टरने बांधलेला आहे. चूक नाही, पण लांब वायर असेल तर कमजोर.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तरी हुरळून जाऊ नका. त्याची दसपट प्रोबही १० मेगओहमचीच असते. पाहायचंच असेल तर त्या गेटच्या आउटपुटवर पाहा. तिथे २० मिलिसेकंदांची लाट दिसली तर घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ आत शिरले आहेत.

*१० के (१० किलोओहम) चा रेझिस्टर.* वरच्या मापात नापास झालेल्या पायाला १० के मधून ग्राउंड टेकवा, मग सप्लाय. बिघाड थांबला आणि आउटपुट दोन्ही वेळा ठाम राहिलं, की निदान पक्कं. थेट वायर टेकवू नका. चुकून आउटपुटच्या पायावर टेकली तर चांगला आयसी जाईल. १० के मुळे तेवढी चूक माफ होते. एक सावधगिरी: ज्या पायाला १०० के मधून खरा सिग्नल येतो त्यालाही १० के दाबून टाकतो, म्हणून ही चाचणी नापास पायांवरच करा.

*करंट.* सप्लायची वायर सोडवून मध्ये मीटर. शांत बसलेला ४०११ मायक्रोअँपियरमध्ये करंट खातो, मिलिअँपियरमध्ये नाही. रिले आणि एलईडीचा हिशोब वजा करून आकडा नाचत असेल तर कुठलं तरी गेट मध्यावर लटकतंय. झाल्यावर लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. मी तीन फ्यूज त्या विसरण्यापायी घालवले आहेत.

*१०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.* आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंडमध्ये, पायांच्या शक्य तितका जवळ. नसेल तर लावाच. हा अधांतरी पायावरचा उपाय नव्हे, पण याच्या अभावी लक्षणं तीच दिसतात आणि निदान फिसकटतं.

पाय बांधायचा कुठे?

पूर्ण रिकाम्या गेटचे इनपुट ग्राउंडला किंवा सप्लायला, जे जवळ असेल तिथे. दोन्ही चालतं. वापरातल्या गेटचा एकच पाय रिकामा असेल तर मात्र विचार करा. नँड असेल तर तो सप्लायला, नॉर (एकही इनपुट वर गेला की आउटपुट खाली) असेल तर ग्राउंडला. उलट केलंत तर गेट कायमचं एकाच बाजूला अडकेल.

आउटपुटचे पाय मोकळेच ठेवायचे. ‘रिकामे सगळे ग्राउंड केले’ असं अभिमानाने सांगणारे बोर्ड माझ्याकडे आले आहेत. त्यात आउटपुटही ग्राउंड केलेलं आणि आयसी भाजत असलेला.

४०११ वर १२ आणि १३ रिकामे असतील तर काम सोपं आहे. ते १४ च्या शेजारीच आहेत. सोल्डरच्या बाजूने तिघांवर एक थेंब ओढायचा आणि झालं. फक्त तो थेंब ११ पर्यंत सरकू द्यायचा नाही. ११ आउटपुट आहे, दोन्ही इनपुट वर असल्याने ते खाली असणार, आणि ते थेट सप्लायला चिकटेल. पातळ फ्लक्स लावा, आयर्न ११ कडून १४ कडे ओढा, आणि थंड झाल्यावर ११-१२ मध्ये कंटिन्युइटी नाही ना ते तपासा. ८ आणि ९ साठी त्या दोघांवर थेंब आणि तिथून समोरच्या ७ वर बारीक वायर. इथे १० ला सांभाळा.

फ्लिप-फ्लॉपला (एक स्थिती लक्षात ठेवणाऱ्या आयसीला) सेट-रिसेटच्या पायांकडे आधी बघा. ४०१३ मध्ये ते वर गेल्यावर काम करतात, म्हणून ४, ६, ८, १० ग्राउंडला. ७४एचसी७४ मध्ये खाली गेल्यावर, म्हणून १, ४, १०, १३ सप्लायला. मोजणी करणाऱ्या ४०१७ चा १३ आणि १५, दोन्ही ग्राउंडला, नाहीतर मोजणी थांबेल किंवा मधेच शून्यावर येईल. ७४एचसी५९५ चा १० सप्लायला, १३ ग्राउंडला.

कनेक्टरवरून येणाऱ्या पायाला थेट बांधता येत नाही, उद्या तिथे सेन्सर लागेल. त्याला १० के चा पुल-अप किंवा पुल-डाऊन. वायर तळटाकीपासून गच्चीपर्यंत जाणारी असेल तर मी ४.७ के किंवा २.२ के घेतो. मायक्रोकंट्रोलरच्या रिकाम्या पिनेला थेट ग्राउंड करू नका, प्रोग्रॅमने ती आउटपुट करून वर उचलली तर शॉर्ट. तिथे प्रोग्रॅममध्येच आतला पुल-अप चालू करा.

आणि एक अपवाद: यूएलएन२००३ चे रिकामे इनपुट मोकळे राहिले तरी चालतात. त्याच्या आत रेझिस्टर आहेत, मोकळा पाय म्हणजे बंदच. एलएम३५८ सारख्या ऑप-अँपला (अँप्लिफायरच्या आयसीला) मात्र हे नियम लावू नका, त्याची रिकामी बाजू वेगळ्या तऱ्हेने बांधतात.

हे करूनही थांबत नसेल तर

इनपुटवर मोठा कपॅसिटर आणि मोठा रेझिस्टर आहे का बघा. अशा ठिकाणी सिग्नल हळूहळू चढतो आणि मध्यावर रेंगाळतो. पाय बांधलेला असूनही लक्षणं तीच. ४०११ काढून ४०९३ घाला. पाय हुबेहूब तेच, पण आत श्मिट ट्रिगर असल्याने ते रेंगाळणं त्याला चालतं. आयसी बदलण्याचं खरं कारण असेल तर हे.

दुसरं, कुणी ७४एलएसच्या (टीटीएल नावाच्या जुन्या जातीच्या) जागी ७४एचसी (सीमॉस) घातलाय का? ही चूक माझी स्वतःची आहे. रबाळेच्या एका कारखान्याचं मोजणीचं कार्ड, ७४एलएस७४ गेलेला. दुकानात त्या दिवशी एलएस नव्हता, मी एचसी घातला. कार्ड मनाला येईल तेव्हा शून्यावर यायचं. जुन्या डिझायनरने प्रीसेट आणि क्लिअर (म्हणजे सेट-रिसेटच) मोकळे सोडले होते, कारण टीटीएलमध्ये मोकळा पाय ‘वर’ समजला जातो. एलएसमध्ये ते वर्षानुवर्षं चाललं, एचसीमध्ये पहिल्याच दिवशी पडलं. चार पायांना १० के लावून ५ व्होल्टला बांधले. शिवाय एचसीला ५ व्होल्टवर ‘वर’ म्हणायला ३.५ व्होल्ट लागतात आणि एलएसची हमी २.७ चीच, म्हणून शेवटी एलएसच्या पातळीला जुळणारा एचसीटी घातला. एचसीटीचेही पाय मोकळे चालत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

नवा बोर्ड आखत असाल तर

चार गेटांपैकी तीनच सर्किटच्या आराखड्यात आखायची आणि चौथं सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतच ठेवायचं, ही मूळ चूक. कागदावर नाही म्हणून त्याला ट्रॅक मिळत नाही. सगळी गेटं आखा, सप्लायच्या पिनाही. सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत इनपुटबद्दल इशारा आला की त्यावर ‘जोडणी नाही’ची फुली मारून गप्प करू नका. ती फुली आउटपुटसाठी आहे. बांधणारा ट्रॅक आयसीच्या पोटाखाली लपवू नका, बाहेरून आणा. उद्या एक गेट कमी पडलं तर तोच ट्रॅक ब्लेडने कापून ते गेट वापरता येतं. जागा असेल तर थेट जोडण्याऐवजी १० के ठेवा, चार-पाच पायांना मिळून एकही पुरतो.

कधी थांबायचं

पंपाच्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट असतात. बोर्ड काढायचा म्हणजे आधी मेन बंद, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, सोसायटीच्या उत्साही सभासदाचं नाही. लिफ्टचं कार्ड, आगीचा अलार्म, गॅस डिटेक्टर, दवाखान्यातलं उपकरण, यांना हात लावू नका, वरच्यापैकी एकही चाचणी नको. वॉरंटीतला बोर्ड परत द्या. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराचे पाय असलेला आयसी साध्या आयर्नने बांधायला गेलात तर पॅड उखडेल, तिथे मायक्रोस्कोप असलेल्याकडे जा.

पाय बांधले, कपॅसिटर लावला, मापं बरोबर, तरी पंप सुरू होताना बोर्ड गडबडतो? मग दोष बोर्डात नाही. अर्थिंग किंवा कॉन्टॅक्टरच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलचा झटका तपासायला इलेक्ट्रिशियनच लागेल.

आणि माझ्यासारख्याकडे बोर्ड आणताना तो पुसून, घासून आणू नका. आहे तसा आणा, धुळीसकट. कनेक्टरला काय लावलेलं होतं आणि काय रिकामं होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा, वायरी सोडवायच्या आधी.